लोकवर्गणीतून सिनेमा उभारणारा जॉन

जॉन अब्राहम हे नाव आज उच्चारले की हिंदी चित्रपटातील पिळदार देहाचा नायक डोळ्यांसमोर येतो. केरळमधील जुन्या चित्रपटरसिकांना मात्र या नावाने आठवतो तो वाढलेल्या दाढीचा, कायम कफल्लक असलेला, मनस्वी वृत्तीचा एक दिग्दर्शक. १९३७ ते १९८७ असे पन्नास वर्षांचेही आयुष्य न लाभलेल्या या माणसाने पूर्ण लांबीचे अवघे चार चित्रपट केले. त्यांतील शेवटचा ‘अम्मा अरियान’ भारतीय चित्रपटाच्या इतिहासात एका वेगळ्याच कारणासाठी नोंदला गेला आहे. त्याच्यामागे कोणी धनिक निर्माता नव्हता, वितरक नव्हता, सरकारी महामंडळाचे कर्जही नव्हते. केरळमधील गावोगावच्या सामान्य माणसांनी दिलेल्या लोकवर्गणीतून तो उभा राहिला.

लोकवर्गणी हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पैशाला पैसा जोडत जमवलेल्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा होत असे. सार्वजनिक गणेशोत्सव तर आजही पावतीपुस्तकाच्या आधारावर उभा आहे. पण शाळा, कारखाना वा मंडप ही डोळ्यांना दिसणारी, वर्गणीदाराच्या उपयोगी पडणारी गोष्ट असते. चित्रपट हा पडद्यावर दोन तास हलणारा प्रकाश. त्यातही ज्यात नाच-गाणी नाहीत, नामवंत नट नाहीत, अशा चित्रपटासाठी अनोळखी माणसांपुढे हात पसरायचा आणि त्यांनी खिशात हात घालायचा, हे कसे घडले असेल? त्याचे उत्तर शोधण्यासाठी जॉन यांच्या आयुष्याचा मागोवा घ्यावा लागतो.

विमा कचेरीतून पुण्याकडे

जॉन यांचा जन्म ११ ऑगस्ट १९३७ रोजी झाला. त्यांचे कुटुंब कुट्टनाडमधले, सीरियन ख्रिस्ती परंपरेतले. कुट्टनाड म्हणजे समुद्रसपाटीच्याही खाली पसरलेली भातशेती, खाड्यांचे जाळे, बांधावरची घरे, आणि त्याच बांधांवर जमीनदार व शेतमजूर यांच्यातला पिढ्यान्पिढ्यांचा संघर्ष. हा मुलूख पुढे त्यांच्या चित्रपटांत पुन्हा पुन्हा डोकावत राहिला. कोट्टायम आणि तिरुवल्ला येथे शिक्षण झाल्यावर त्यांनी चारचौघांसारखी नोकरी धरली. कर्नाटकातील बळ्ळारी येथे आयुर्विमा महामंडळाच्या कचेरीत ते कारकुनी करू लागले. मध्यमवर्गीय घराने देवाचे आभार मानावेत अशी ती नोकरी होती. काही वर्षांतच जॉन यांनी तिच्यावर पाणी सोडले आणि पुण्याची वाट धरली.

पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत १९६० साली भारत सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. ज्या आवारात शांताराम, दामले, फत्तेलाल यांनी मराठी बोलपटाचा सुवर्णकाळ घडवला, त्याच आवारात देशभरातून आलेली तरुण मुले जगाचा सिनेमा पाहत, त्यावर रात्र रात्र वाद घालत. साठच्या दशकाच्या मध्यास ऋत्विक घटक तेथे उपप्राचार्य म्हणून आले. फाळणीची जखम उरात बाळगणारा, इप्टाच्या लोकनाट्य चळवळीत घडलेला आणि व्यावसायिक अपयशाने पोळलेला हा बंगाली दिग्दर्शक पुण्यात फार काळ टिकला नाही. पण मणी कौल, कुमार शहानी आणि जॉन अब्राहम हे त्यांचे विद्यार्थी पुढची अनेक वर्षे त्यांचे ऋण मानत राहिले. सिनेमा हे लोकांपर्यंत पोचण्याचे साधन आहे आणि त्याहून प्रभावी साधन सापडले तर सिनेमाही सोडून द्यावा, अशी घटक यांची धारणा होती. जॉन यांच्या मनात ती खोल रुजली. जॉन यांच्या लघुपटांच्या यादीत ‘कोयनानगर’ हे १९६७ सालातले नाव आहे, तेही त्यांच्या महाराष्ट्रातील या वास्तव्याची आठवण देणारे.

इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडल्यावर त्यांनी मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ या १९६९ च्या चित्रपटासाठी साहाय्यक म्हणून काम केले. हा चित्रपट फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या पैशातून झाला होता. नव्या दिग्दर्शकांना सरकारने कर्ज द्यावे, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती आणि तिच्यातून अनेक उत्तम चित्रपट निपजले. पण या व्यवस्थेत एक मोठी त्रुटी होती. चित्रपट तयार होई आणि तो दाखवायला चित्रपटगृह मिळत नसे. कर्ज डोक्यावर, रिळे डब्यात आणि प्रेक्षक दूर, अशी कित्येकांची गत झाली. चित्रपट करण्यासाठी पैसा लागतो हे खरेच, पण तो दाखवण्याची वाट दुसऱ्याच्या हातात असेल तर पैसा मिळूनही दिग्दर्शक परावलंबीच राहतो. जॉन यांच्या पुढच्या वाटचालीचे मूळ या अनुभवात शोधता येईल.

गाढव, जमीनदार आणि पुरस्कार

जॉन यांचा पहिला चित्रपट ‘विद्यार्थीकळे इतिले इतिले’ १९७२ साली आला. त्यांची खरी ओळख झाली ती १९७७ च्या ‘अग्रहारत्तिल कळुदै’ या तमिळ चित्रपटाने. अग्रहारातील गाढव असा या नावाचा अर्थ. एक प्राध्यापक गाढवाच्या पोरक्या पिल्लाला आसरा देतो, शहरात टिंगल झाल्यावर ते आपल्या गावच्या ब्राह्मणवस्तीत नेऊन ठेवतो आणि एका मुक्या मुलीच्या हाती सोपवतो. गावात जे जे अशुभ घडते त्याचे खापर त्या मुक्या जनावरावर फुटते. अखेर गावकरी त्याला ठार मारतात आणि पुढे चमत्कार घडू लागल्याच्या समजुतीने त्याच गाढवाचे देऊळ बांधायला निघतात. अंधश्रद्धा आणि कर्मठपणा यांवरचा इतका थंड डोक्याने केलेला उपहास भारतीय पडद्यावर क्वचितच आढळेल. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण त्याला विरोधही झाला आणि दूरदर्शनने ठरवलेले त्याचे प्रक्षेपण रद्द केले.

त्यानंतर १९७९ साली ‘चेरियाच्चन्टे क्रूरकृत्यंगळ’ हा मल्याळम चित्रपट आला. कुट्टनाडमधील एका जमीनदाराच्या मनात साचलेली भीती आणि अपराधभावना हा त्याचा विषय. एरवी विनोदी भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेले अडूर भासी यांनी ती भूमिका केली. या चित्रपटासाठी केरळ राज्याचा पुरस्कार जॉन यांच्याकडे आला. मान मिळाला, समीक्षकांनी लिहिले, तरुणांनी डोक्यावर घेतले. पण ज्या शेतमजुरांच्या जगाविषयी तो बोलत होता त्यांच्यापैकी कितीजणांपर्यंत तो पोचला, हा प्रश्न शिल्लक राहिला. पुढची चार-पाच वर्षे जॉन यांच्या नावावर एकही चित्रपट नाही. भटकंती, मित्रांची घरे, कथालेखन आणि वाढते मद्यपान यांत हा काळ गेला. त्यांच्या लहरीपणाचे, फाटकेपणाचे आणि दिलदारपणाचे किस्से केरळात आजही चवीने सांगितले जातात. या किस्स्यांनी जॉन यांच्यावर अन्यायच केला आहे, कारण त्यांच्या आड या माणसाची संघटक बुद्धी झाकली गेली.

ओडेसाची हाक

१९८४ साली कोझिकोडमध्ये, म्हणजे जुन्या कालिकतमध्ये, जॉन आणि त्यांच्या तरुण मित्रांनी ‘ओडेसा’ नावाचा गट स्थापन केला. सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या १९२५ सालच्या मूकपटात ओडेसा शहराचा प्रसंग येतो. बंड केलेल्या खलाशांसाठी शहरातील सामान्य माणसे आपापल्या होड्यांतून अन्नधान्य घेऊन जातात आणि त्यानंतर त्याच माणसांवर प्रसिद्ध पायऱ्यांवर गोळ्या झाडल्या जातात. लोकांनी आपला वाटा उचलून आणून द्यावा, असे चित्र मनाशी असलेल्या गटाला याहून समर्पक नाव मिळाले नसते.

ओडेसाची कार्यपद्धती वरवर पाहता साधी होती. कार्यकर्ते गावात जात. ढोल वाजवून माणसे गोळा करीत, पथनाट्य करीत, गाणी म्हणत. अंधार पडला की पडदा बांधून चित्रपट दाखवीत. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ हा त्यांचा हुकमी चित्रपट. मूकपट असल्याने भाषेची अडचण नाही आणि टाकून दिलेल्या पोराला पोटाशी धरणाऱ्या भणंगाची कथा कळायला शिक्षणाचीही गरज नाही. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ हा मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या परवडीवरचा माहितीपटही ओडेसाने केरळात दाखवला. मुंबईच्या पदपथावरील माणसाची कहाणी मल्याळी खेड्यात पाहिली जात होती आणि तिच्या आधारे एका मल्याळी चित्रपटासाठी पैसे जमत होते. खेळ संपला की लोकांचा सिनेमा लोकांच्या पैशातून व्हावा असे आवाहन होई. ज्याला जे जमेल ते तो देई. बहुतेक वेळा ही रक्कम रुपया-दोन रुपयांच्या घरातली असे.

हे केरळात घडू शकले याला कारणे आहेत. पी. एन. पणिक्कर यांच्या पुढाकाराने १९४५ पासून तेथे ग्रंथालय चळवळ उभी राहिली आणि वाचनालय हे गावाचे चर्चेचे ठिकाण बनले. केपीएसीसारख्या नाट्यसंस्थांनी पन्नासच्या दशकात राजकीय नाटक खेड्यापाड्यांत नेले. १९६५ साली अडूर गोपालकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘चित्रलेखा’ या संस्थेद्वारे फिल्म सोसायटी चळवळीची सुरुवात केली आणि जगातील उत्तम चित्रपट केरळच्या छोट्या गावांत पोचू लागले. ओडेसाला भेटलेला प्रेक्षक या सगळ्या मशागतीतून तयार झालेला होता. नुसते आवाहन करून पैसा जमत नसतो. त्यासाठी आधी कोणीतरी वर्षानुवर्षे जमीन नांगरून ठेवावी लागते.

येथे ‘मंथन’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या या चित्रपटासाठी गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांचे भांडवल जमले. विजय तेंडुलकर त्याच्या पटकथेचे लेखक आणि स्मिता पाटील प्रमुख भूमिकेत, त्यामुळे मराठी रसिकांना तो जवळचा. पण ‘मंथन’च्या मागे एक भक्कम सहकारी संघ होता आणि चित्रपट त्या वर्गणीदारांच्या स्वतःच्या चळवळीविषयी होता. ओडेसापाशी ना संघ होता, ना सभासदांची यादी. देणारा आपली गोष्ट पडद्यावर येईल म्हणून देत नव्हता. समोरच्या चार वेड्या पोरांवर विश्वास टाकून देत होता.

आईस कळावे

या पैशातून १९८६ साली ‘अम्मा अरियान’ पूर्ण झाला. आईस कळावे, असा त्याच्या नावाचा अर्थ. पुरुषन नावाचा तरुण आईचा निरोप घेऊन दिल्लीला निघतो. वायनाडच्या वाटेवर त्याला गळफास लागलेल्या एका तरुणाचा मृतदेह दिसतो. हा चेहरा ओळखीचा आहे, एवढेच त्याला जाणवते. चौकशीअंती कळते की तो हरी, तबला वाजवणारा आणि जहाल डाव्या चळवळीशी नाते असलेला मुलगा. ही बातमी कोचीला त्याच्या आईला सांगायला हवी. पुरुषन मित्रांना गोळा करीत निघतो. वाटेत प्रत्येक घरातून एक तरुण सामील होतो, प्रत्येक घरातली आई कुठे चाललास म्हणून विचारते आणि प्रत्येकजण हरीची निराळी आठवण सांगतो. दगडखाणीतील मृत्यू, मट्टांचेरीच्या गोदी कामगारांवरचा गोळीबार, वायपीनची विषारी दारूची दुर्घटना, वैद्यकीय विद्यार्थ्यांचा संप असा केरळचा ताजा आणि जुना इतिहास या प्रवासात मिसळत जातो.

या कथेला आणीबाणीची पार्श्वभूमी आहे. १९७६ साली कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजन या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचलले आणि तो पुन्हा दिसला नाही. त्याच्या वडिलांनी दिलेल्या न्यायालयीन लढ्यामुळे १९७७ साली मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना पायउतार व्हावे लागले. चळवळीत गेलेली मुले आणि त्यांची वाट पाहणारी घरे हे त्या पिढीचे वास्तव होते. जॉन यांनी त्याचे गुणगान केले नाही की निषेधाचे फलक उभारले नाहीत. मुलगा गेला हे आईला कोण आणि कसे सांगणार, एवढाच प्रश्न त्यांनी धरून ठेवला.

चित्रपट कृष्णधवल होता. छायाचित्रण वेणू यांचे आणि संकलन बीना पॉल यांचे. दोघेही पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. पुरुषनची भूमिका करणारे जॉय मॅथ्यू पुढे स्वतः दिग्दर्शक झाले. त्यांच्या २०१२ च्या ‘शटर’ची मराठी आवृत्ती २०१५ साली आपल्याकडे प्रदर्शित झाली. हरीच्या भूमिकेतील हरिनारायणन खरोखरीच तालवादक होते. ‘अम्मा अरियान’साठी जॉन यांना राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षक मंडळाचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि वेणू यांना त्या वर्षीचा छायाचित्रणाचा. चित्रपटगृहाची वाट न पाहता ओडेसाचे कार्यकर्ते तो गावोगाव घेऊन गेले. लोकांच्या पैशाचा चित्रपट लोकांना तिकीट न लावता दाखवायचा, हे आधीच ठरलेले होते.

वर्गणीदाराचे देणे

जॉन यांच्या प्रयोगातला सर्वांत अवघड प्रश्न येथे उभा राहतो. रुपया देणाऱ्या शेतमजुराला हा चित्रपट कळला का? ‘अम्मा अरियान’ सोपा नाही. तो संथ आहे, काळ आणि घटना यांची सरमिसळ करतो, प्रेक्षकाला हाताला धरून कुठेही नेत नाही. लोकांच्या पैशावर उभा राहणारा कलावंत लोकांच्या आवडीला बांधलेला असतो काय? सावकाराचे कर्ज व्याजासह फेडावे लागते, निर्मात्याला नफा द्यावा लागतो. मग वर्गणीदाराला काय द्यायचे?

जॉन यांचे उत्तर त्यांच्या कृतीत आहे. त्यांनी वर्गणीच्या बदल्यात करमणुकीचे आश्वासन दिले नाही. सामान्य माणसाला अवघड गोष्ट झेपणार नाही असे मानणे हा त्यांच्या लेखी त्याचा अपमान होता. पैसा एकाच माणसाने दिला असता तर त्याची मर्जी सांभाळावी लागली असती. हजारोंनी थोडा थोडा दिला, म्हणून कोणा एकाचीही मर्जी सांभाळण्याची गरज उरली नाही, आणि जबाबदारी मात्र सर्वांविषयी राहिली. लोकवर्गणीने जॉन यांना दिले ते हे स्वातंत्र्य. भांडवल ही त्यामानाने दुय्यम गोष्ट होती.

या मार्गाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. संस्था जॉन यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरत होती. त्यांच्या शब्दावर माणसे घरदार सोडून फिरली, तंत्रज्ञांनी पदरमोड करून काम केले. अशा ध्यासावर एक चित्रपट निघतो. दुसरा, तिसरा, दहावा निघण्यासाठी शिस्त लागते, हिशेब लागतो, आणि नेता नसतानाही चालणारी व्यवस्था लागते. ती उभी राहण्यापूर्वीच ३१ मे १९८७ रोजी जॉन गेले. कोझिकोडमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून पडून त्यांना मृत्यू आला. पन्नाशीला अडीच महिने कमी होते.

ओडेसा लगेच संपली नाही. ओडेसा सत्यन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पुढेही लोकवर्गणीतून माहितीपट केले. कवी ए. अय्यप्पन यांच्यावरील माहितीपट त्यांतलाच. पण पूर्ण लांबीच्या कथापटाची ती उंची गटाला पुन्हा गाठता आली नाही. केरळातील फिल्म सोसायट्यांच्या महासंघाने जॉन यांच्या नावे पुरस्कार सुरू करून त्यांची स्मृती जपली.

इंटरनेट आल्यावर वर्गणीला क्राउडफंडिंग हे नवे नाव मिळाले. ओनिर यांचा ‘आय ॲम’, पवन कुमार यांचा २०१३ चा कन्नड ‘लुसिया’, सनलकुमार शशिधरन यांचा २०१४ चा मल्याळम ‘ओराळप्पोक्कम’ हे चित्रपट या वाटेने आले. घरबसल्या पैसे पाठवता येऊ लागले, देणगीदारांची नावे श्रेयनामावलीत झळकू लागली, काही ठिकाणी नफ्यातला वाटाही मिळू लागला. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण पैसे जमवण्यासाठी ज्या गावात जायचे, त्याच गावात चित्रपट घेऊन परत जायचे, हा ओडेसाचा दंडक या सोयीत सहसा आढळत नाही. जॉन यांच्या लेखी पैसे मागणे आणि चित्रपट दाखवणे ही एकाच कामाची दोन टोके होती.

मराठीत आज छोट्या भांडवलावरचे, वेगळ्या वाटेचे चित्रपट सातत्याने होत आहेत. त्यांतील अनेकांना महोत्सवांत मान मिळतो आणि चित्रपटगृहात मात्र सकाळचा एखादा खेळ. पैसा कोठून आणायचा याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून त्या चित्रपटाचा भागीदार कसे करायचे, याची फारशी होत नाही. ज्या गावाने वर्गणी दिली त्या गावाला आपला चित्रपट कधी दिसणार, याचे उत्तर जॉन यांच्याकडे पहिला रुपया घेतानाच तयार होते. त्यांच्या मागे राहिलेल्या चार चित्रपटांइतकाच हा हिशेबही मोलाचा आहे.